नॉर्वेजियन जोडशब्द: सांधा सापडला की उच्चार सापडतो

मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या नॉर्वेतल्या दुकानांवर एक शब्द दिसतो. रोमन लिपीतली त्याची अक्षरं अशी: बी, आय, एल, डी, ई, एल, ई, आर. मध्ये मोकळी जागा नाही की आडवी रेघ नाही. भाषा नुकती शिकू लागलेल्या माणसाची नजर पहिल्या पाच अक्षरांवर थांबते, कारण 'बिल्दे' हा शब्द त्याला माहीत असतो. बिल्दे म्हणजे चित्र किंवा फोटो. उरलेल्या तीन अक्षरांचा होतो 'लेर', म्हणजे हसतं. चित्र हसतं! खरा शब्द मात्र तीन अक्षरांनंतर तुटतो. 'बील' म्हणजे मोटार, 'देलेर' म्हणजे भाग.

आता दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा. 'बील-देलेर' म्हणताना पहिली ई ताणायची, मग 'दे'वर दुसरा, जरा हलका जोर द्यायचा आणि तिथला एही लांबवायचा. 'बिल्दे-लेर' म्हणताना पहिली इ आखूड, ल आणि द एकमेकांना चिकटलेले, 'दे'मधला ए जवळजवळ गिळलेला, आणि सगळी लांबी शेवटच्या 'लेर'वर. अक्षरं तीच, क्रमही तोच, पण स्वरांची लांबी पार बदलली. नॉर्वेजियन जोडशब्दाचा उच्चार असा सांध्यावर अवलंबून असतो. सांधा कुठे आहे ते कळेपर्यंत स्वर लांब की आखूड, दोन व्यंजनं जोडून म्हणायची की सुटी, जोर कशावर, यातलं काहीच ठरवता येत नाही.

असे शब्द अधूनमधून भेटणारे नाहीत. दुकानाची पाटी, पगाराची पावती, औषधाची चिठ्ठी, मुलांच्या शाळेतून आलेला निरोप, कुठेही पाहा, ओळीला एखादा तरी असतोच. जर्मनप्रमाणे ही भाषाही नवी वस्तू दिसली की जुने दोन शब्द एकत्र करून तिला नाव देते. शब्दकोशात नसलेला जोडशब्द कोणीही, बोलता बोलता तयार करतो आणि ऐकणाऱ्याला तो कळतो. उघड्यावर, उन्हात बसून प्यायच्या बिअरला 'ऊतेपिल्स' म्हणतात: 'ऊते' बाहेर, 'पिल्स' बिअर. नोकरीसाठी किंवा शिकायला तिकडे गेलेल्या मराठी माणसाने कितीही शब्द पाठ केले तरी अशा शब्दांना अंत नाही. सांधा ओळखायची सवय लागली, तर न पाहिलेला शब्दही बरोबर वाचता येतो.

या लेखात नॉर्वेजियन शब्द देवनागरीतच लिहिले आहेत, तेव्हा आधी थोड्या खुणा. जोर असलेल्या स्वरानंतर मी एकच व्यंजन लिहिलं असेल तर स्वर लांब समजायचा, जोडाक्षर किंवा दुहेरी व्यंजन असेल तर आखूड. ओठ गोल करून म्हटलेली ई, ओठ गोल करून म्हटलेला ए आणि पुढे सरकलेला एक ऊ हे तीन स्वर मराठीत नाहीत. ते जवळच्या अक्षराने भागवले आहेत, पण त्यांच्यासाठी कान लावून ऐकण्याला पर्याय नाही. रोमन लिपीत ओ लिहिलेला असला तरी पुष्कळदा उच्चार ऊ होतो. आपण ज्याला ओस्लो म्हणतो त्या शहराला तिथली माणसं 'ऊस्लू' किंवा 'ऊश्लू' म्हणतात.

लांब, आखूड आणि मधली भिंत

नॉर्वेजियन उच्चाराचा पाया एका अटीवर उभा आहे. जोर असलेल्या जागी एकतर स्वर लांब असतो, नाहीतर त्याच्यामागचं व्यंजन लांब असतं. दोन्ही एकदम लांब नाहीत आणि दोन्ही एकदम आखूडही नाहीत. 'ताक' म्हणजे छप्पर, 'ताक्क' म्हणजे आभार. लिहिताना पहिल्यात एक के, दुसऱ्यात दोन. त्यामुळे वाचणाऱ्याला सोपा नियम मिळतो: स्वरापुढे एक व्यंजन दिसलं तर ताणा, दोन दिसली तर आखूड म्हणा.

साध्या शब्दात हा नियम बऱ्यापैकी चालतो. जोडशब्दात तो फसवतो. 'मातपाक्के' हा शब्द घ्या. घरून नेलेला दुपारचा डबा, म्हणजे ब्रेडचे काप, वर चीज किंवा लिव्हरचं वाटण, कागदात गुंडाळलेलं. नॉर्वेतल्या कचेऱ्यांत आणि शाळांत दुपारी हेच उघडलं जातं. 'मात' म्हणजे अन्न, 'पाक्के' म्हणजे पुडकं. लिहिल्यावर टी आणि पी शेजारी येतात. वरचा नियम डोळे मिटून लावला तर पहिला आ आखूड होईल आणि 'मात्त' असं काहीतरी ऐकू येईल, जो निस्तेज या अर्थाचा वेगळाच शब्द आहे. पण टी आणि पी यांच्यामध्ये भिंत आहे. 'मात'ला त्याचा एकच टी आहे, म्हणून आ लांब. 'पाक्के'ला त्याचे दोन के आहेत, म्हणून तिथला आ आखूड. नियम खरा आहे, फक्त तो सबंध शब्दाला न लावता प्रत्येक घटकाला वेगवेगळा लावायचा. थंड पेयांचा क्रेट म्हणजे 'ब्रूस-कास्से'. तो एस आणि के एकत्र धरून वाचला तर सुरुवातीला 'ब्रुस्क' तयार होतो, म्हणजे कूर्चा, नाकाकानातलं मऊ हाड.

एका दमात तोंडातून निघणारा शब्दाचा तुकडा, ज्यात एकच स्वर असतो, त्याला इथे अवयव म्हणू. साध्या शब्दात दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. 'बील'ला शेवटी 'एन' लागून 'ती मोटार' असा अर्थ झाला की म्हणताना अवयव पडतात 'बी-लेन'. पण मोटारमालक म्हणजे 'बील' अधिक 'ऐएर'. इथेही ल नंतर स्वरच आहे, तरी ल पुढे सरकत नाही, तो 'बील'मध्येच राहतो: 'बील-ऐएर'. भरभर बोलण्यात ही भिंत थोडी पुसट होते, पण जोर आणि लांबी तिची जागा सांगतच राहतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तरी हेच. साधा शब्द तोडताना एक व्यंजन खालच्या ओळीत जातं. जोडशब्द असेल तर आधी सांध्यावर तोडायचा, अवयव मोजायचे नाहीत.

भिंत आणखी एक काम करते. रोमन लिपीत काही व्यंजनांच्या जोड्यांचा मिळून एक उच्चार होतो, आणि अशी जोडी सांध्यावर योगायोगाने तयार झाली तर ती जोडी नसते. एन आणि जी मिळून वाङ्मयातला ङ होतो. पंख म्हणजे 'विङ्ङे'. पण द्राक्षमळा हा 'वीन' म्हणजे वाइन आणि 'गोर' म्हणजे शेतवाडी यांचा जोडशब्द आहे. अक्षरं सुरुवातीला जवळजवळ तीच, उच्चार मात्र 'वीन-गोर': ई लांब, न सुटा, ग सुटा. उलट 'तुङ्त्वान्न' म्हणजे जड पाणी. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1943 मध्ये, रयूकानजवळच्या वेमोर्क इथल्या ज्या कारखान्यावर नॉर्वेजियन सैनिकांनी घातपात केला, तिथे हेच तयार होत होतं. त्यातला एन-जी एकाच घटकाच्या पोटात आहे, म्हणून तिथे ङच.

तसंच एस आणि के यांचं. त्यांच्यापुढे आय आला तर उच्चार श होतो, म्हणून बर्फावरच्या 'स्की'ला तिथे 'शी' म्हणतात. घरात भरणारं छोटं चर्च मात्र 'हूस' म्हणजे घर आणि चर्चसाठीचा शब्द यांचं बनतं. चर्चच्या शब्दाची सुरुवात ह आणि श यांच्या मधल्या, टाळूला घासून जाणाऱ्या श्वासाने होते. देवनागरीत जवळपास 'ह्यिर्के'. मिळून उच्चार 'हूस-ह्यिर्के'. एस आणि के शेजारी आहेत, पुढे आयही आहे, पण श कुठेही नाही. लाकडी खांबांची जी जुनी चर्चं पाहायला पर्यटक जातात, त्यांतलं ऊर्नेसचं चर्च 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांचं नावही असंच: 'स्ताव' म्हणजे खांब, पुढे तेच 'ह्यिर्के'.

लिहिताना हरवणारं अक्षर

इथपर्यंत डोळ्यांना थोडा तरी आधार होता. एका जागी लिपी स्वतःच सांधा झाकते. पहिला घटक दुहेरी व्यंजनाने संपतो आणि दुसरा त्याच व्यंजनाने सुरू होतो, तेव्हा एकापाठोपाठ तीन सारखी अक्षरं यायला हवीत. नॉर्वेजियन लेखनात तीन सारखी व्यंजनं ओळीने लिहीत नाहीत, एक गाळतात. बसथांबा म्हणजे दोन एसचा 'बुस्स' आणि एस ने सुरू होणारा 'स्तॉप्प', लिहिताना एस दोनच. रात्रीची रेल्वे म्हणजे 'नात्त' अधिक 'तोग', तिथे टी दोनच. बसचालकाच्या शब्दात तर 'बुस्स'च्या पुढे 'शोफोर' येतो, ज्याचा श लिहायलाच एस आणि जे लागतात. लिहिलेले दोन एस पाहून कोणी 'बुस-शोफोर' असा लांब उ काढेल. बरोबर उच्चार 'बुस्स-शोफोर', कारण 'बुस्स'चे दोन्ही एस त्याचेच आहेत. गाळलेला एस कागदावर गेला, तोंडातून गेला नाही.

याची मला आवडणारी बाजू अशी की ओळीच्या शेवटी हाच शब्द तोडावा लागला तर गाळलेलं अक्षर परत येतं. पहिल्या ओळीत 'बुस्स' पुऱ्या दोन एसने आणि आडव्या रेघेने, खालच्या ओळीत 'स्तॉप्प' त्याच्या स्वतःच्या एसने. म्हणजे लेखनाचा नियमही कबूल करतो की अक्षरं तीनच होती.

दोन घटकांच्या मध्ये कधी कधी एक जादा अक्षर बसतं, एस किंवा ई. 'बाण' म्हणजे मूल आणि 'वॉङ्न' म्हणजे गाडी. बाबागाडी म्हणजे 'बाणे-वॉङ्न'. मधला ए दोघांपैकी कोणाचाही नाही. त्याचा एक वेगळा, जोर नसलेला अवयव होतो आणि तो पहिल्या घटकाला चिकटून म्हणायचा. एस आला तर नवा अवयव होत नाही. तोही पहिल्याच घटकाच्या शेपटीला राहतो आणि ओळ तोडताना पहिल्या ओळीत जातो. कुठे एस, कुठे ए आणि कुठे काहीच नाही, याचा पक्का नियम नाही. शब्द ऐकून, वाचूनच ते अंगवळणी पडतं.

पण एका ठिकाणी हा एस फार मोलाचा आहे. वाइनचा पेला म्हणजे 'वीन-ग्लास्स', मध्ये काही नाही. लाल वाइनला 'रो-वीन' म्हणतात. मग लाल वाइनच्या पेल्याला नुसतं पुढे 'रो' लावून चालत नाही. तो होतो 'रोवीन्स-ग्लास्स', मध्ये एस घेऊन. पहिला घटक स्वतःच जोडशब्द असला की नॉर्वेजियन भाषा बऱ्याचदा मोठ्या सांध्यावर एस ठेवते. त्यामुळे लाल काय आहे, पेला की वाइन, हे स्पष्ट होतं. हिवाळी खेळांच्या गावाला, लिल्लेहाम्मेरसारख्या, जो शब्द आहे त्यात 'हिवाळा' आणि 'खेळ' जोडून झाल्यावर एस येतो आणि मग 'ठिकाण'. मानवाधिकार संघटनेचा लांबलचक शब्दही असाच उलगडतो: 'मेन्नेस्के' माणूस, 'रेत्तिहेत' अधिकार, मग एस, मग 'ऑर्गानिसाशून'. लांब शब्द समोर आला की मधल्या एसवर आधी बोट ठेवावं. प्रत्येक एस सांध्याचा नसतो, पण सांध्याचा असेल तर तोच बहुधा सगळ्यात मोठा सांधा असतो.

र आणि आपला मूर्धन्य वर्ग

मराठी माणसाचा मोठा फायदा आहे तो इथे. ओस्लो आणि पूर्व नॉर्वेच्या बोलण्यात र च्या पुढे त, द, न, ल किंवा स आला की दोघांचा मिळून एक नवा ध्वनी होतो, जीभ मागे वळवून काढलेला: ट, ड, ण, ळ, ष. युरोपातल्या बहुतेक भाषांत हे ध्वनी नाहीत. इंग्रजी किंवा फ्रेंच मातृभाषा असलेल्यांना ते ऐकू यायलाच वेळ लागतो. आपल्याकडे त्यांची अक्षरंच आहेत.

मांजराला 'कात्त' म्हणतात, नकाशाला 'काट्ट'. लिहिताना नकाशात एक आर जास्त आहे. म्हणताना तो र कुठेच नाही, त्याने त चा ट करून ठेवला आहे. इंग्रजीच्या सवयीने आपण रोमन टी दिसला की ट आणि डी दिसला की ड म्हणतो. नॉर्वेजियनमध्ये तसं केलं तर समोरच्याला नसलेला र ऐकू येतो. साधा टी म्हणजे त, साधा डी म्हणजे द; शब्दाच्या सुरुवातीचा त जरा हकार घेऊन. ट आणि ड राखून ठेवायचे ते र बरोबर असेल तेव्हाच.

संस्कृत संधीचे नियम शाळेत शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. राम अधिक अयन याचं रामायण होतं, कारण आधीच्या र मुळे न चा ण होतो. चतुर् ला सु लागून चतुर्षु होतं, स चा ष होऊन. दोन्ही भाषांत हे स्वतंत्रपणे घडलं आहे, एकीने दुसरीकडून घेतलेलं नाही. फरक असा की संस्कृतात र जागेवर राहतो, नॉर्वेजियनमध्ये तो पुढच्या व्यंजनात विरघळतो.

आणि आतापर्यंत ज्या भिंतीचं एवढं सांगितलं, ती हा र ओलांडून जातो. 'विन्तर' म्हणजे हिवाळा, 'दाग' म्हणजे दिवस. हिवाळ्यातला दिवस 'विन्त-डाग'. हिवाळी खेळांच्या शब्दात तर हे दोनदा घडतं: 'विन्तर'चा र पुढच्या स ला ष करतो, आणि खेळाच्या शब्दातल्या शेवटच्या आर आणि टी चा ट होतो, मिळून 'विन्त-ष्पॉट्ट'. ओस्लोच्या मेट्रोत एक मोठं स्थानक आहे, ज्याचं नाव 'मायूर' म्हणजे मेजर आणि 'स्तुएन' म्हणजे घर किंवा खोली यांचं बनलं आहे. लोक म्हणतात 'मायूष्टुएन'. स चा ष झाला आणि त्याच्या मागोमाग त चाही ट, जसं आपण इष्ट, पुष्ट लिहितो. एक नंबरच्या मार्गावर वर डोंगरात शेवटचं स्थानक लागतं, 'फ्रॉङ्नर' आणि 'सेतेरेन' मिळून. सेतर म्हणजे उन्हाळ्यात गुरं चारायला नेतात ती डोंगरावरची वाडी. उच्चार 'फ्रॉङ्ने-षेतेरेन', आणि भरभर बोलताना शेवटचा 'रेन'ही आकसून ण कडे झुकतो. बाबागाडीतल्या 'बाण'मधला ण याच वाटेने आलेला आहे. लिहिताना तिथे आर आणि एन आहेत.

सुटे शब्दही यातून सुटत नाहीत. 'तुझ्याकडे आहे का' विचारताना 'हार दू' हे दोन शब्द 'हाडू' होऊन येतात.

म्हणजे र ला सांधा कळत नाही का? कळतो, आणि ते दाखवणारी एक जोडी फार सुंदर आहे. 'शब्द' या अर्थाचा नॉर्वेजियन शब्द ओ, आर, डी असा लिहितात, पण शेवटचा डी मुका, उच्चार 'ऊर'. शब्दकोश म्हणजे शब्दांचं पुस्तक, 'ऊर-बूक'. आर आणि डी शेजारी असूनही ड नाही, कारण तो डी पहिल्या घटकाच्या शेवटी आहे आणि तिथे तो आधीच गप्प झालेला आहे. रोजचा साधा दिवस म्हणजे 'वॅर' अधिक 'दाग'. तिथेही आर आणि डी शेजारी, पण डी दुसऱ्या घटकाचा, जिवंत. म्हणून उच्चार 'वॅडाग'. तीच दोन अक्षरं, एका जागी द नाहीसा, दुसऱ्या जागी ड झालेला, आणि ठरवणारा परत सांधाच.

उत्तर म्हणजे 'नूर', त्याचाही डी मुका. उत्तरेकडच्या नूरलान्न या प्रांताचं नाव घेताना तो डी नाहीसा झाल्यावर र आणि ल समोरासमोर येतात आणि ओस्लोकडच्या अनेकांच्या तोंडून आपल्या ळ च्या जवळचा ध्वनी निघतो: 'नूळान्न'. नॉर्थ सी या समुद्राला, जिथे 1969 मध्ये एकोफिस्कचं तेलक्षेत्र सापडलं आणि देशाचं नशीब पालटलं, तिथे 'नू-षोएन' म्हणतात. या बोलींत एक 'जाड ल'ही आहे, जो ऐकायला आपल्या 'घोडा'तल्या ड सारखा असतो. बरेच जण सूर्यासाठीचा 'सूल' हा शब्द त्याने म्हणतात. तो शिकायलाच हवा असं नाही. ऐकून ओळखता आला तरी पुरे.

एक जोर, एक सूर

जोडशब्दात मुख्य जोर एकच, आणि तो बहुधा पहिल्या घटकावर. पहिल्या घटकावर, पहिल्या अवयवावर असं नव्हे. रेल्वे स्टेशनला 'स्ताशून' म्हणतात आणि जोर 'शून'वर असतो. स्टेशनभोवती वाढलेल्या गावासाठी 'स्ताशून्स-बी' असा शब्द आहे. त्यातही जोर 'शून'वरच राहतो, उडी मारून 'स्ता'वर येत नाही. मायूष्टुएनमध्येही तो 'यू'वर आहे. दुसऱ्या घटकाला हलका, दुय्यम जोर मिळतो आणि त्याच्या स्वराची लांबी शाबूत राहते. मराठी माणसाला हे जपून करावं लागतं. आपण शब्दातले अवयव बऱ्यापैकी सारख्या वजनाने म्हणतो, आणि तसं म्हटलं की ऐकणाऱ्याला जोडशब्दाऐवजी सुटे शब्द ऐकू येतात.

जोराबरोबर सूरही येतो. नॉर्वेजियनमध्ये शब्दाला दोनपैकी एक सूर असतो. 'ताङ्केन' हा शब्द ओस्लोच्या पद्धतीने खालून सुरू करून वर नेला तर 'ती टाकी', वरून सुरू करून खाली आणून पुन्हा वर नेला तर 'तो विचार'. सुटे दोन शब्द असतील तर दोघांचे दोन सूर. जोडशब्द झाला की सूर एकच, आणि तो सबंध शब्दावर पसरतो. ओस्लोकडे शेवटच्या अवयवावर आवाज वर चढतो आणि शब्द संपल्याचं कळतं. स्टॉकहोमच्या स्वीडिशमध्ये जोडशब्दाला जवळजवळ नेहमी दुसरा सूर मिळतो. पूर्व नॉर्वेत दोन्ही सूर सापडतात आणि पहिला घटक कोणता यावर बरंच अवलंबून असतं. सुरुवातीला सूर चुकला तरी लोक समजून घेतात. जोर चुकला तर समजायला खरोखर अडचण होते, म्हणून आधी जोर पक्का करावा.

एका सुरात म्हटलं जातं म्हणून एकत्र लिहिलं जातं, एवढं हे सरळ आहे. जोडशब्द तोडून लिहिणं ही नॉर्वेत सर्वांत जास्त टोकली जाणारी लेखनचूक आहे. तिला स्वतःचं नाव आहे, 'सॅष्क्रीविङ्', 'सॅर' म्हणजे वेगळं आणि 'स्क्रीविङ्' म्हणजे लेखन; र आणि स चा ष इथेही झालेला आहे. तिथे नेहमी दिलं जाणारं उदाहरण हॉटेलच्या खाद्ययादीतलं आहे. तळलेलं कोंबडीचं लिव्हर एकत्र लिहिलं तर ठीक. 'कोंबडी' आणि 'लिव्हर' यांच्यात जागा सोडली तर वाक्य होतं 'तळलेली कोंबडी जगते', कारण लिव्हर आणि जगते या दोन्हींची अक्षरं सारखी आहेत. उच्चार सारखा नाही: लिव्हर म्हणजे 'लेव्वर', आखूड ए, जगते म्हणजे 'लेवर', लांब ए. दुसरं उदाहरण वर्गात रोज लागणारं. 'नॉष्क' आणि 'लॅरर' एकत्र आणि एका जोरात म्हटले तर नॉर्वेजियन भाषा शिकवणारा शिक्षक. सुटे, दोन जोरांनी म्हटले तर नॉर्वेचा असलेला शिक्षक, मग तो गणित शिकवत का असेना. भाषा शिकवणारी व्यक्ती मूळची पुण्याची असेल तर पहिलंच रूप बरोबर.

गावांची नावं कधी कधी ऐकत नाहीत. दक्षिणेला क्रिस्तियानसान्न आणि पश्चिम किनाऱ्यावर क्रिस्तियानसुन्न अशी दोन शहरं आहेत. दोन्हींत मुख्य जोर शेवटच्या अवयवावर आहे. नावांमधला फरकही तेवढ्याच अवयवात आहे, आणि तिकीट काढताना तो ऐकू येणं गरजेचं आहे.

वर सांगितलेलं बरंचसं ओस्लो आणि आसपासच्या बोलण्याचं आहे. बर्गन, स्तावांगेर, क्रिस्तियानसान्न इथे र घशातून काढतात, आणि घशातला र त, द, स यांच्यात मिसळत नाही. तिथे 'विन्तर-दाग' असं र सकट ऐकू येईल, ट-ड-ण-ळ-ष चा सगळा प्रकार नाही. बर्गनच्या उत्तरेकडे काही भागांत आणि अगदी उत्तरेत दोन सुरांचा फरकही नाही. आणि यातलं कुठलंही बोलणं अशुद्ध मानलं जात नाही. नॉर्वेत बोलीभाषेचं सरकारी प्रमाण रूपच नाही. शाळेत शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलीतून शिकवावं असा ठराव तिथल्या संसदेने 1878 सालीच केला होता, आणि आजही मंत्री, प्राध्यापक, वृत्तनिवेदक आपापल्या गावच्या उच्चारात बोलतात. म्हणून बर्गनला नोकरी असेल तर घशातला र घ्यावा, ओस्लोला असेल तर आपले मूर्धन्य वर्ण वापरावेत. सांध्याचे बाकीचे नियम, म्हणजे लांबी, मुके डी, गाळलेलं तिसरं अक्षर आणि पहिल्या घटकावरचा जोर, दोन्हीकडे सारखेच लागू पडतात.